परशुरामला एकदा पुण्यावरून उडवा : हवाई दलाला खुलं पत्र

प्रति,
भारतीय हवाई दलाची व्हिंटेज फ्लाइट सांभाळणारे अधिकारी
आणि लोहगाव तळाचे प्रमुख

सप्रेम नमस्कार,

कामाचं आधी सांगतो, कारण तुमच्याकडे रोज ढीगभर कागद येत असणार आणि पहिल्या चार ओळींत काम कळलं नाही तर कागद बाजूला पडतो. तर काम असं की तुमच्याकडे जे उडतं डाकोटा आहे ना, महायुद्धाच्या काळातलं दोन पंख्यांचं मालवाहू विमान, नाव परशुराम, नंबर व्हीपी ९०५, ते येत्या ११ डिसेंबरला सकाळी पुण्यावरून एकदा न्या. एअर शो नको, स्टेज नको, अँकर तर अजिबातच नको. नुसतं विमान, सरळ जाणारं, आणि आठ दिवस आधी पेपरात वेळ. बस्स.

आता हे का मागतोय ते सांगतो, जरा लांबेल.

मी धानोरीत राहतो. आमच्या भागातली पोरं बोलायला लागली की "एक मिनिट हां, विमान जातंय" हे वाक्य फार लवकर शिकतात, आणि शाळेतल्या बाई फळ्याकडे तोंड करून बोलता बोलता थांबतात, सुखोई गेलं की जिथे सोडलं तिथूनच पुढे चालू, कुणी हसत पण नाही. स्वयंपाकघरात मांडणीवर एक डबा असा असतोच ज्याचं झाकण सैल आहे, ते थरथरायला लागलं की समजायचं जोडीनं निघालेत आज. त्यात मधे मधे प्रवासी विमानं, कारण रनवे तुमचा आणि पुण्याचा एअरपोर्ट त्याच्या कडेला वसलेला.

या आवाजावर भांडणं होतात हे तुम्हालाही माहीत असेल. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर हिवाळ्यात कुणीतरी नवीन राहायला आलेलं विचारतं की ह्याची कम्प्लेंट कुठे करायची, आणि लगेच जुन्यांपैकी एकजण टाकतो, "तळ १९३९ चा आहे, तुमचा फ्लॅट कधीचा?" टिपिकल पुणेरी उत्तर, पण तारीख बरोबर आहे. मुंबईच्या हवाई संरक्षणासाठी ब्रिटिशांनी हा तळ बांधला, महायुद्धात इथे स्पिटफायर होती, मॉस्किटो होती, वेलिंग्टन बॉम्बर होती. २००२ च्या सप्टेंबरमध्ये सुखोई-३० एमकेआय देशात पहिल्यांदा दाखल झालं तेही इथेच. २००६ मध्ये कलाम साहेब इथूनच सुखोईत बसून गेले आणि २००९ मध्ये प्रतिभाताई पाटील, त्या तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांच्या होत्या, जी-सूट घालून. आमच्याकडच्या आज्या त्याचं अजून कौतुक करतात.

तरी कम्प्लेंट करणाऱ्याला मी वेडा म्हणणार नाही. घरात तान्हं बाळ असेल, किंवा खराडीला नाइट शिफ्ट करून सकाळी नुकतं कुणी आडवं झालं असेल, आणि डोक्यावर आफ्टरबर्नर लागला, तर त्या माणसाला देशाच्या संरक्षणावर लेक्चर द्यायला जाऊ नये. त्रास आहे तो, खरा आहे. पण तो त्रास होतो म्हणून विमानाचा प्रत्येक आवाज म्हणजे गोंगाट असं जे सरसकट धरलं जातं ना, ते मला पटत नाही. आणि आवाजावर माझं प्रेम आहे असं चारचौघांत म्हटलं की लोक बघायला लागतात, म्हणून इथे लिहून टाकतो.

आमच्या शेजारच्या विंगमध्ये एक काका आहेत, तुमच्याच खात्यातून टेक्निकल ट्रेडमधून रिटायर झालेले. ते गॅलरीत पेपर वाचत बसतात आणि मान वर न करता सांगतात, "ए-एन-३२." वर बघावं तर खरंच ए-एन-३२, पंखांच्या वर बसवलेली दोन जाडजूड इंजिनं. माझ्या मुलाला त्यांनी शिकवलं की फायटर बघायचं असेल तर आवाज येतोय तिकडे बघायचं नाही, त्याच्या बरंच पुढे बघायचं, कारण आवाजाला एक किलोमीटर यायला तीन सेकंद लागतात आणि तेवढ्यात ते पाऊण किलोमीटर पुढे सरकलेलं असतं. आता सोसायटीतली सगळी बारकी पोरं आवाजाच्या पुढे बघतात आणि मोठी माणसं रिकाम्या आकाशाकडे बघत "कुठाय, कुठाय" करत बसतात.

काकांनीच एकदा मला सांगितलं की जेटचा आवाज इंजिनाच्या आत जितका होतो त्याहून जास्त बाहेर होतो, मागून सुटलेला गरम झोत जेव्हा शांत हवेला घासतो तिथे. मी मग वाचलं त्यावर, तर १९५२ मध्ये लाइटहिल नावाच्या ब्रिटिश गणितज्ञानं ह्याचा हिशोब मांडलाय, झोताच्या वेगाच्या आठव्या घाताने आवाजाची शक्ती वाढते. म्हणजे झोताचा वेग निम्मा केला तर शक्ती २५६ पट कमी. म्हणून प्रवासी विमानांची इंजिनं एवढी मोठ्या तोंडाची झाली, भरपूर हवा पण सावकाश ढकलायची, आणि म्हणून ती वर्षागणिक गुपचूप होत चाललीत. जुन्या एअरबस ए-३२० उतरताना एक शिट्टी मारायच्या, ती पण इंजिनाची नव्हतीच, पंखाच्या खालच्या बाजूला इंधन टाकीची गोल भोकं असतात त्यावरून वारा गेला की वाजायची, आता भोकाच्या पुढे एक छोटी पट्टी बसवून ती पण बंद केली. चांगलंच आहे, एअरपोर्टजवळच्यांना झोप लागेल. पण आवाज जातोय एकेक.

आणि तुमच्याकडचे आवाज पण जातायत. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ रिटायर झालं, बासष्ट वर्षांनी, आणि ते आपल्या ओझरला बनायचं, म्हणजे नाशिककरांचं घरचंच. ॲव्रो हे जुनं मालवाहू विमान चाललंय, त्याच्या जागी सी-२९५ येतंय. ज्यांनी ॲव्रोचं डार्ट इंजिन जवळून ऐकलंय त्यांना ती कानात घुसणारी किंकाळी आठवत असेल. मला ती आवडायची असं म्हणणार नाही, दात आंबायचे. पण आंधळ्यालासुद्धा कळायचं कोण आलंय.

मग ही विमानं बघायला मिळतात कुठे, तर म्युझियममध्ये. पालमचं तुमचं म्युझियम मी बघितलंय, वापिटी, लायसँडर, हरिकेन, स्पिटफायर, टेम्पेस्ट, एका छताखाली. ठेवलंय छान, तक्रार नाही. घोरपडीच्या वॉर मेमोरियलमध्ये मिग-२३ आहे, मुलं त्याच्यासमोर फोटो काढतात, दोन बोटं दाखवून. आणि पाच मिनिटांत कंटाळतात, कारण ते काहीच करत नाही. त्याच मुलांच्या डोक्यावरून काहीतरी घुमत गेलं की हातातली बॅट टाकून बघतात.

डाकोटाचं इंजिन म्हणजे प्रॅट अँड व्हिटनीचं ट्विन वास्प, चौदा सिलिंडर, सात-सातच्या दोन चकत्या एकामागे एक, बाराशे हॉर्सपॉवर, आणि अशी दोन. तुम्हाला हे मी काय सांगणार, पण पत्र खुलं आहे, बाकीचेही वाचतायत. काका म्हणतात सुरू करायच्या आधी पंखा हातानं फिरवायचा, कारण उभ्या विमानात तेल खालच्या सिलिंडरमध्ये उतरून साठतं आणि तसंच स्टार्टर मारला तर आतला रॉड वाकतो. मग दोन-तीन पाती खडखडत फिरणार, एखादा सिलिंडर पेटणार, मग दुसरा, निळा धूर, आणि मग सगळं जुळून एकदम धडधड. तेल गळतंय म्हणून घाबरायचं नाही म्हणे, गळायचं थांबलं की घाबरायचं, टाकी रिकामी झाली असणार. हा जोक तुमच्याकडे जुना असेल.

आणि हवेत गेल्यावर जे होतं ते तर मला शब्दांत धड सांगता येत नाही. दोन्ही इंजिनांचे फेरे अगदी तंतोतंत सारखे कधीच नसतात, पायलट जुळवत असतो पण केसाएवढा फरक राहतो, आणि त्या फरकामुळे आवाज लाटेसारखा कमी-जास्त होत येतो, वॉंव वॉंव वॉंव. तानपुऱ्याच्या जोडीच्या तारा लावताना शेवटी शेवटी जो घुमारा हळूहळू फिरतो, तेच हे, फक्त चोवीसशे हॉर्सपॉवरचं. ज्या गावात डिसेंबरात लोक सवाईला थंडीत गोधड्या पांघरून सुरासाठी बसतात त्या गावाला हे समजावून सांगायची गरज नाही असं मला वाटतं.

तुम्ही म्हणाल २६ जानेवारीला दाखवतो की. दाखवता, मी बघितलंय. २०२१ ला रुद्र फॉर्मेशनमध्ये डाकोटा मधे आणि दोन बाजूला दोन एमआय-१७ हेलिकॉप्टरं, आणि २०२२ ला टांगाईल फॉर्मेशन, डाकोटा आणि दोन डॉर्नियर. पण साहेब, टीव्हीवर ते फक्त दिसलं. निवेदक बोलत होते, पाठीमागे बँड वाजत होता, विमानाचा आवाज टाळ्यांच्या खाली कुठेतरी. सगळा देश बघतोय आणि जे ऐकायचं तेवढंच गायब. म्हणून सुरुवातीलाच म्हटलं की अँकर नको.

आता ११ डिसेंबरच का. १९७१ च्या युद्धात त्या दिवशी संध्याकाळी आताच्या बांगलादेशातल्या टांगाईलला पॅराट्रूपर उतरवले, त्या मोहिमेत मालवाहू विमानं होती, ए-एन-१२ होती, पॅकेट होती, कॅरिबू होती आणि डाकोटा होती. उतरली ती २ पॅरा, आणि २ पॅरा म्हणजे मूळची मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण. त्यांना पुंगलीचा पूल धरायचा होता, ढाक्याकडे मागे हटणाऱ्या पाकिस्तानी फौजेची वाट अडवायला, आणि उत्तरेकडून जमालपूरमार्गे खाली येऊन त्यांना जी पलटण मिळाली ती १ मराठा, जंगी पलटण. म्हणजे आकाशातून मराठे आणि रस्त्याने पण मराठे. सदर्न कमांडचं मुख्यालय पुण्यात, गावोगाव पलटणीतून रिटायर झालेली माणसं, आणि हे किती जणांना माहीत आहे? माझ्या ऑफिसात विचारलं, टांगाईल म्हटल्यावर साडी म्हणाले सगळे.

श्रीनगरचं तरी लोकांना माहीत असतं, २७ ऑक्टोबर १९४७, १ शीखचे जवान घेऊन पहिलं डाकोटा उतरलं ते व्हीपी ९०५. तुमच्या परशुरामला नंबर त्याचाच दिलाय, विमान दुसरं, १९४४ चं. राजीव चंद्रशेखर यांनी ते इंग्लंडात दुरुस्त करून घेतलं आणि हवाई दलाला भेट दिलं, त्यांचे वडील डाकोटाचे पायलट. एप्रिल २०१८ मध्ये ते कोव्हेंट्रीहून निघालं आणि टप्पे घेत घेत युरोप आणि आखात ओलांडून जामनगरला उतरलं, चौऱ्याहत्तर वर्षांचं विमान, स्वतःच्या इंजिनावर. मग दिल्लीजवळच्या हिंडन तळावरून पुणे काय, पाचेक तासांचा पल्ला. नागपूरच्या जुन्या माणसांना विचारा, १९४९ पासून रात्रीची टपाल विमानं मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास अशी चारही दिशांनी येऊन मध्यरात्री नागपुरात भेटायची, पिशव्या अदलाबदल करून परत जायची, त्यात डाकोटाच असायची. त्यांना झोपेत कळायचं विमान वेळेवर आलंय की लेट.

जुनं विमान उडवणं म्हणजे हौस, हौसेला सरकारी पेट्रोल कशाला, असं कुणी म्हणेल. १९८२ मध्ये जेआरडी टाटा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे असताना लेपर्ड मॉथ हे छोटं जुनं विमान घेऊन कराची ते मुंबई आले, पन्नास वर्षांपूर्वीचं स्वतःचं पहिलं टपाल उड्डाण परत करायला. हौसच ती. पण आजही कुणी सांगतं त्याबद्दल. इंग्लंडात रॉयल एअर फोर्सची जुनी विमानं उडवणारी अशीच एक तुकडी आहे, १९५७ पासून, त्यांचं लँकेस्टर, म्हणजे महायुद्धातलं चार इंजिनांचं बॉम्बर, कुठल्या गावावरून किती वाजता जाणार ते आधी जाहीर होतं आणि लोक शेताच्या कडेला खुर्च्या टाकून बसतात. जगात उडती लँकेस्टर दोनच, दुसरं कॅनडात. २०१४ मध्ये ते दुसरं अटलांटिक ओलांडून आलं आणि दोघं एकत्र उडाली, आठ मर्लिन इंजिनं एकदम. लोकांनी डोळे पुसले म्हणे. आपल्याकडे लोक डोळे पुसणार नाहीत, मोबाइल वर करतील, ते जाऊ दे.

धोक्याचं मी विसरलेलो नाही. शोरहॅमला २०१५ मध्ये हंटर हे जुनं लढाऊ जेट लूप मारताना रस्त्यावर पडलं, अकरा माणसं गेली, आणि ती शो बघायला आलेली पण नव्हती सगळी. २०१८ ला स्वित्झर्लंडमध्ये युंकर्स हे जुनं प्रवासी विमान डोंगरात कोसळलं, वीस जण गेले. २०२२ ला डॅलसला दोन जुनी विमानं हवेत धडकली, सहा जण. म्हणून तर म्हणतोय की करामती नकोत, फॉर्मेशन नको, प्रवासी नकोत. सरळ रेषा, बऱ्यापैकी उंची. डाकोटाचा आवाज उंचीवरूनही येतो, त्याला डोक्यावर आणायची गरज नाही.

वेळ सकाळी आठच्या आसपास ठेवा. एक तर घारी. लोहगावला घारींचा प्रश्न आहे हे तुम्हीच आम्हाला सांगता, कचरा टाकू नका म्हणून, पण ऊन तापून हवा वर जायला लागल्याशिवाय घारी उंच चढत नाहीत, आठ वाजता त्या झाडावरच असतात. दुसरं म्हणजे डिसेंबरात पहाटे पुण्यात जमिनीलगतची हवा गार आणि वरची त्यापेक्षा उबदार असते, अशा हवेत आवाज वर निघून न जाता खाली वाकतो, म्हणूनच थंडीत लांबची रेल्वे ऐकू येते. आठला ते अजून थोडं शिल्लक असतं. शिवाय सवाई बहुधा त्याच आठवड्यात, पण सकाळी आठला कुणी गात नसतं.

रूट तुम्ही ठरवा, पण सुचवतो. लोहगावहून निघून कॅम्पवरून, वॉर मेमोरियलवरून, मग पर्वती, आणि सिंहगड रोडच्या बाजूने खडकवासल्याला एनडीएपर्यंत. एनडीएच्या पोरांना सुखोई आणि चेतक पासिंग आउटला दिसतातच, त्यांच्या पणजोबांच्या काळातलं पण ऐकू दे. डाकोटाच्या चालीनं हे सगळं पाच-सहा मिनिटांचं काम. पर्वतीवर, तळजाईवर, हनुमान टेकडीवर, वेताळ टेकडीवर त्या वेळी नाहीतरी निम्मं पुणं चालत असतं, त्यांना कुठे जायला नको, ट्रॅफिक नको, पास नको, पार्किंग तर नकोच नको. फक्त वेळ माहीत पाहिजे म्हणजे पाच मिनिटं कानातले इयरफोन काढतील.

हार्वर्ड आणि टायगर मॉथ ही जुनी शिकाऊ विमानं पण तुमच्याकडे आहेत हे माहीत आहे. टायगर मॉथचा हट्ट नाही, एकशेतीस हॉर्सपॉवरचं ते पोर दिल्लीहून इथवर उडवत आणणं म्हणजे पायलटचे हाल. हार्वर्ड मात्र जमलं तर बघा. त्याच्या पंख्याला गिअर नाही, थेट इंजिनाला जोडलेला, त्यामुळे टेक-ऑफला पात्यांची टोकं आवाजाच्या वेगाजवळ जातात आणि ते जे कोकलतं ते लोहगाव आणि धानोरीत सगळ्यांत आधी ऐकू येईल. आमच्या ग्रुपवर कम्प्लेंट येणार ह्याची खात्री देतो. उत्तर मी देईन, तुम्ही काळजी करू नका.

एक विचारायचं राहिलं. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये रनवेच्या कामासाठी १६ ते २९ तारीख एअरपोर्ट पूर्ण बंद होता, तेव्हा आमच्याकडे चौथ्या-पाचव्या दिवसापासून लोक एकमेकांना विचारायला लागले की काहीतरी चुकल्यासारखं वाटतंय का. त्यात नेहमी कम्प्लेंट करणारे पण होते. तर तुमच्याकडे रनवेची अशी मोठी कामं परत निघणार असतील तर ती डिसेंबरात धरू नका, एवढं बघा.

उत्तर पाठवलंत तर बरं, नाही पाठवलंत तरी चालेल, पेपरात वेळ आली की समजू. इंग्रजीबरोबर मराठी पेपरातही द्या. टेकडीवर येणारी बरीच मंडळी तोच वाचतात आणि व्हॉट्सॲपवर आलेल्या तारखेवर विश्वास ठेवत नाहीत, जे योग्यच आहे.

आपला,
धानोरीचा एक रहिवासी

ता. क. : कार्यक्रम जाहीर झाला की चौकाचौकात फ्लेक्स लागतील, त्यावर सुखोईचाच फोटो असेल आणि खाली आमच्या भागातले सगळे इच्छुक. त्यांच्यापैकी कुणी स्वागताला ढोल-ताशाची परवानगी मागितली तर कृपया पोलिसांना आधीच कळवून ठेवा, त्या पाच मिनिटांपुरती तरी नको म्हणावं.